फट म्हणता…

माणसाने जुनी मोटार दुरुस्तीला काढू नये, असे माझे ठाम मत आहे. हे मत मोटार दुरुस्तीला काढल्यानंतर बनले, एवढाच त्यातला दोष.

मोटार तशी माझी नव्हे, अण्णांची. 1979 सालची प्रीमियर पद्मिनी. त्या काळी मोटार नुसती पैसे टाकून मिळत नसे, तिचा नंबर लागावा लागे. अण्णांनी नाव नोंदवले तेव्हा मी हाफ पँटीत होतो. गाडी दारात आली तेव्हा मला मिसरूड फुटले होते. पुढे तिचे ड्रायव्हरच्या बाजूचे दार रुसले. अण्णा ते हँडलला धरून किंचित वर उचलत आणि मग धाडकन लावत. तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. त्या आवाजावर आई चहाचे आधण ठेवी.

अण्णा गेले आणि गाडी ताडपत्रीखाली गेली. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी कायमची गेली. ती बातमी वाचून मला एकदम भरून आले आणि मी जाहीर केले, “अण्णांची गाडी नवी करायची!”

“आधी न्हाणीघराचं दार लागत नाही, ते बघा,” सौ. म्हणाली. बायकांना भविष्य दिसते ते असे.

माझी कल्पना अशी की, गंज खरवडायचा, रंग द्यायचा आणि मिरवायचे. नाना पेठेतल्या मिस्त्रीने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारले, “साहेब, फटी बघितल्या का?”

मी इतकी वर्षे त्या गाडीत बसलो, पण दार आणि पत्रा यांच्यामधली फट ही बघण्याची वस्तू आहे हे मला ठाऊक नव्हते. मिस्त्रीने खिशातून पाच मिलिमीटरचा ड्रिल बिट काढला आणि दाराच्या कडेने फिरवायला सुरुवात केली. वरच्या कोपऱ्यात तो खडखडत होता. खालच्या कोपऱ्यात शिरेचना. “सगळीकडे सारखा सरकला पाहिजे. नाहीतर रंग कितीही भारी द्या, गाडी वाकडं तोंड केल्यासारखी दिसणार.”

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. रस्त्यात दिसेल त्या मोटारीच्या फटी मी वाकून बघू लागलो. एका गृहस्थाने मला चोर समजून हटकलेसुद्धा. फट् म्हणता ब्रह्महत्या म्हणतात, ती हीच असावी.

दाराला पोचे फार, म्हणून मी रविवारी जुन्या बाजारात गेलो आणि पद्मिनीचेच एक गुळगुळीत दार घासाघीस करून आणले. मिस्त्रीने ते लावून दाखवले. वर बोट जाईल एवढी फट, आणि खाली दार उंबऱ्यावर घासतेय.

“अहो, पण मॉडेल एकच आहे!”

“मॉडेल एक, पण गाडी दुसरी. बसवणारा माणूसच होता ना? त्याने त्या गाडीपुरतं ठोकून बसवलं.”

म्हणजे दुसऱ्याची कवळी ती. माप जवळपास तेच, पण चावताना कळते.

अखेर अण्णांचेच दार ठोकून सरळ करायचे ठरले. पण मिस्त्री त्या दाराला हात लावीना. त्याने सुरुवात केली मागच्या दारापासून. का, तर त्याच्या मागचा पत्रा बॉडीला वेल्डिंगने जोडलेला. “जे हलत नाही, त्याच्यापासून सुरुवात करायची. मागचं दार त्याला जुळवायचं, पुढचं दार मागच्याला, मडगार्ड पुढच्या दाराला आणि बॉनेट सगळ्यात शेवटी.” आमच्या घरात हीच पद्धत आहे. जी हलत नाही ती आई. बाकी सगळे तिच्या मापाने बसवलेले.

उंबऱ्याचा पत्रा गंजून पापडासारखा झाला होता. तो कापण्याआधी मिस्त्रीने दाराच्या चौकटीत आडवा पाइप जोडला. या गाडीला खाली वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. आधार न देता उंबरा कापला तर चौकट बसते आणि मग दार जन्मात लागत नाही. फट मोजायची तीही गाडी चारी चाकांवर उभी असताना. जॅकवर तिचे अंग पिळवटते.

मग अण्णांच्या दाराची पाळी आली. मिस्त्रीने ते उघडून खालून धरले आणि वर-खाली केले. बिजागरीत खटखट वाजले. “पिन झिजल्यात. दार लोंबतंय.” मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, “वडील उचलून लावत असणार.”

मी काहीच बोललो नाही. अण्णांना त्याने कधी पाहिले नव्हते.

नव्या पिना आल्या. बिजागरीखाली पातळ वायसर एक घातला, दोन घातले, एक काढला. वरची फट मिटली की खालची उघडे. घरखर्चाचेही असेच होते. सगळे जुळल्यावर दारे पुन्हा उतरवली, रंग झाला, दारे चढवली, नवे रबरी बीडिंग लावले आणि दार पुन्हा बाहेर आले! रबर जाड होते. ते बदलले, कुलपाचा खटका जरा सरकवला. पाच महिने गेले. ड्रिल बिट आता लोण्यातून फिरावा तसा फिरू लागला.

संध्याकाळी गाडी घरी आणली. उतरलो, एका बोटाने दार लोटले. ‘टक्.’ बस्स, एवढाच आवाज. अण्णांनी बघायला हवे होते.

वर गेलो तर आई खुर्चीत बसलेली. “कधी आलास? गाडी आली का? मला कशी कळली नाही?” चहाचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला भीत भीत विचारले, “एखादा वायसर काढला तर?”

त्याने माझ्याकडे असे पाहिले, की तो पुन्हा माझ्या गाडीला हात लावतो की नाही याची मला शंका आली. “फट बिघडेल, साहेब. आवाजच पाहिजे तर जोरात लावा.”

हल्ली मी गाडी उभी करतो, मिस्त्री आसपास नाही याची खात्री करून घेतो आणि दार धाडकन आपटतो. पाच महिन्यांची मेहनत शहारते. पण वर स्वयंपाकघरात दिवा लागतो.