जुनी येणी

बोईसर शाखेत असताना तारापूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांच्या माल-तपासणीचे काम माझ्याकडे होते. कॅश क्रेडिट खात्याचे स्टॉक स्टेटमेंट हाती घेऊन गोदामात उभे राहायचे, पिंपे मोजायची आणि शाखेत परतून ड्रॉइंग पॉवर काढायची. त्या हिशेबातून दोन गोष्टी मी निर्दयपणे वगळत असे. एक, वर्षभर न हललेला माल. दुसरी, ९० दिवसांहून जुनी येणी. कारखानदार म्हणत, "साहेब, येणे बुडालेले नाही, येईलच." मी म्हणत असे, "आले म्हणजे धरू."

हा नियम इतरांना वर्षानुवर्षे लावला. घरच्या एका येण्याला मात्र तो लावायचे राहून गेले. ते येणे म्हणजे विमान कंपनीकडे साठलेले आमचे पॉइंट्स.

अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी आपली माइल्सची योजना सुरू केली आणि पुढे जगभरच्या विमान कंपन्यांनी तोच मार्ग धरला. आता विमानात पाऊल न ठेवताही कार्डावरच्या खर्चातून पॉइंट्स जमतात. आमचे तसेच जमले. मुलीच्या लग्नातील खरेदी, विम्याचे हप्ते, वाणसामान, सारे कार्डावर. सहा-सात वर्षांत विमान कंपनीच्या खात्यात १,५६,००० पॉइंट्स झाले, कार्डाच्या खात्यात ३२,००० वेगळे राहिले. दर महिन्याला तो आकडा पाहताना मुदत ठेवीची पावती पाहिल्याचा आनंद होई.

मुलगी न्यू जर्सीत असते. नातीचा जन्म झाला तेव्हा जायचे ठरले होते, तेवढ्यात सौ.च्या गुडघ्याची शस्त्रक्रिया निघाली. डॉक्टरांनी सांगितले, लांबचा प्रवास करा, पण पाय लांब करता येतील आणि अधूनमधून उठता येईल अशा जागेवरून. म्हणजे बिझनेस क्लास. रोखीने दोन तिकिटे काढणे आमच्या ऐपतीबाहेरचे. पॉइंट्सवर मात्र माणशी ७५,००० लागत होते आणि तेवढे खात्यात होते. तरीही मी थांबलो. सवलत येईल, बोनस मिळेल, परतीच्या तिकिटापुरतेही जमतील, असे म्हणत दोन उन्हाळे गेले.

एके सकाळी पाहिले तर माणशी दर ९२,००० झाला होता. पूर्वसूचना नाही, तक्रारीला जागा नाही. मी जिला ठेव समजत होतो ती ठेव नव्हतीच. ते विनातारण येणे होते, आणि त्याचा भाव ठरवण्याचा अधिकार सर्वस्वी देणेकऱ्याकडे होता. जेवताना हे सांगितले तेव्हा सौ. शांतपणे म्हणाली, "अहो, तुमचे पॉइंट्स वाढत होते. माझे गुडघे काही नवे होत नव्हते. आणि नात आता चालायला लागली."

दुसऱ्या दिवसापासून जागा शोधायला बसलो. तेव्हा कळले की पॉइंट्स असणे आणि जागा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनी प्रत्येक विमानात अशा मोजक्याच जागा सोडते. काही उड्डाणाच्या सुमारे अकरा महिने आधी खुल्या होतात, काही न विकल्या गेल्यास शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत. मधल्या काळात बहुधा दुष्काळ. एका माणसाला जागा त्यातल्या त्यात सापडते. एकाच विमानात दोन सापडणे कठीण. मे महिना आणि दिवाळी यांचा तर विचारही नको. थेट विमानाचा हट्ट सोडला आणि त्याच समूहातील भागीदार कंपन्यांची विमाने पाहिली, तर वाट थोडी मोकळी होते. एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्स या समूहात आहे. अशा समूहांत एका कंपनीच्या पॉइंट्सवर दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसता येते.

तीन आठवडे रोज पहाटेच्या सामायिकानंतर मी तारखा चाळत होतो. एकदा ऑगस्टमधील एक जागा मिळाली, दुसरी नाही. मी म्हणालो, "तू पुढे बस, मी मागे साध्या वर्गात बसतो." ती म्हणाली, "पालघरहून चर्चगेटपर्यंत आयुष्यभर मी बायकांच्या डब्यात आणि तुम्ही पुरुषांच्या. आता अमेरिकेलाही तसेच जायचे? शिवाय पर्युषणात मी उपाश्रय सोडून कुठेही येणार नाही."

तिच्या याच अटीने काम झाले. संवत्सरीनंतरच्या तारखा पाहू लागलो. शाळा सुरू झालेल्या, सुटीची गर्दी ओसरलेली. सप्टेंबरमधील एका मंगळवारी युरोपमार्गे न्यूअर्कला दोन जागा दिसल्या. जागा आहेत याची फोनवर खात्री करून मगच कार्डावरचे २८,००० पॉइंट्स वळवले, कारण एकदा वळवलेले पॉइंट्स परत येत नाहीत. कर आणि अधिभार रोखीने भरावा लागला. फुकट तिकीट हे नुसते म्हणायला. परतीचे तिकीट साध्या वर्गाचे, पण पुढच्या मोकळ्या जागेचे, पैसे देऊन काढले.

जैन भोजनाची नोंद दोघांच्या नावे स्वतंत्र करावी लागली. तिचा संकेत व्हीजेएमएल. भागीदार कंपनीचे विमान असेल तर त्या कंपनीकडेही विचारून घ्यावे. मनोरमार्गे विमानतळ गाठला. विमान मध्यरात्रीनंतरचे. उड्डाण होताच आलेले ताट आम्ही परत केले आणि पाय लांब करून झोपलो. युरोपात उतरलो तेव्हा तिथला सूर्योदय होऊन नवकारसीची वेळ टळली होती. डब्यातले खाखरे तिथेच बाकावर खाल्ले. पुढचे विमान सूर्याबरोबरच पश्चिमेकडे गेले, न्यूअर्कलाही दिवसाउजेडी पोहोचलो. चौविहार मोडला नाही. सौ. स्वतःच्या पायांनी बाहेर आली, चाकाच्या खुर्चीशिवाय.

पुढच्या रविवारी ब्लेअर्सटाउनच्या टेकड्यांतील सिद्धाचलमला गेलो. आचार्य सुशीलकुमारजींनी १९८३ साली स्थापिलेले ते तीर्थ. नात आजीचे बोट धरून चढत होती. कोण कोणाला सावरत होते, सांगणे कठीण.

आपल्या व्यापारी घरांत आज कार्डांची कमतरता नाही, म्हणून दोन शब्द. पॉइंट्ससाठी खर्च वाढवू नये. बिल थकले तर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज लागू शकते. एवढे व्याज कोणतेही बक्षीस भरून काढत नाही. लाखोंचे तिकीट वाचवले अशी बढाईही मारू नये. ते आपण रोखीने कधी काढलेच नसते.

श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात परिग्रहाचे परिमाण ठरवायचे असते. क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण यांचे परिमाण आम्ही कधीच घेतले होते. पॉइंट्स त्या यादीत बसत नाहीत, म्हणून माझा लोभ तिथे निश्चिंतपणे वाढला. त्याची किंमत नातीच्या दोन वर्षांनी चुकवली, आणि ती कोणत्याही पत्रकात दिसत नाही.

खात्यात आता ४,००० पॉइंट्स उरले आहेत. बोईसरचा जुना अधिकारी असता तर त्याने तेही वगळले असते.