आजीच्या पंचांगातल्या खुणा

साहित्याच्या अभ्यासकाच्या मनात वर्गीकरणाविषयी एक अढी असते. कादंबरीला ‘प्रादेशिक’ म्हटले की तिच्यातले निम्मे निसटते, हे आम्ही वर्गात किती वेळा सांगितले असेल! पुढे मिशेल फूको यांचा वेडाच्या इतिहासावरील 1961 सालचा ग्रंथ भाषांतरातून हाती आला आणि आमच्या अढीला तत्त्वज्ञानाचा आधार मिळाला. मनोविकाराला नाव देणे म्हणजे माणसाला कोंडणे, असे आम्ही बोलू लागलो. 1988 च्या सुमारास एका चर्चासत्रात नवकवितेविषयी बोलताना ‘छिन्नमनस्क जाणीव’ असा शब्दप्रयोग आम्ही गौरवाने केला. टाळ्याही पडल्या. त्या वेळी आमचे धाकटे काका माजघरात भिंतीकडे तोंड करून बसलेले असत, आणि त्यांच्या फायलीवर तोच शब्द इंग्रजीत लिहिलेला होता.

फाइल 1974 सालची. त्या उन्हाळ्यात काका रात्ररात्र जागले, दिवसाला वीस-वीस पत्रे लिहू लागले, घरातली भांडी शेजारीपाजारी वाटून आले. आपल्याला ज्ञानेश्वरीचा नवा अर्थ सापडला आहे, असे ते चौकात उभे राहून सांगत. एका रुग्णालयात थोडक्यात तपासणी झाली आणि स्किझोफ्रेनिया हे निदान लिहिले गेले. ते सतरा वर्षे पुसले गेले नाही. औषधांनी हात थरथरत, चेहरा कोरा होई; मग काका ती सोडून देत, आणि पुन्हा सारे पहिल्यापासून.

1991 मध्ये दुसऱ्या एका डॉक्टरांनी काकांना बाजूला बसवून आजीला विचारले, “मधल्या काळात कसे असतात हे?”

“मधे अगदी शहाणा असतो हो,” आजी म्हणाली. “दुकानाचा हिशेब लिहितो, पोरांना गणितं शिकवतो. चैत्रात चढतं, आषाढात उतरतं, मग पडून राहतो. दिवाळीनंतर पुन्हा आपला तो.”

तिने पिशवीतून जुनी पंचांगे काढली. तिथींशेजारी पेन्सिलीच्या खुणा होत्या. चढतीला उभी रेघ, पडून राहण्याला आडवी. सतरा वर्षांत तिला हे कोणी विचारलेच नव्हते. (आम्हीही नाही, आम्ही फूको वाचत होतो.)

पुढे क्रेपेलिन यांच्याविषयी वाचताना आम्हांला ही पंचांगे आठवली. या जर्मन वैद्याने 1899 मध्ये, आपल्या पाठ्यग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत, दोन मोठे आजार वेगळे केले, ते मुख्यतः त्यांच्या वाटचालीवरून: एक उत्तरोत्तर खालावत जाणारा, दुसरा येऊन-जाऊन असणारा, ज्यात मधे माणूस सावरतो. एका दिवसाचे लक्षण फसवे असते, वर्षे पाहावी लागतात. आजीने तेच पाहिले होते.

काकांसारखी चूक विरळा नव्हती. न्यूयॉर्क आणि लंडन येथील रुग्णालयांची तुलना करणारा अभ्यास 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कचे डॉक्टर स्किझोफ्रेनियाचे निदान कितीतरी अधिक करीत. दोन्हीकडच्या रुग्णांना एकच कसोटी लावल्यावर तो फरक जवळजवळ उरला नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या नियमावलीची तिसरी आवृत्ती 1980 मध्ये निघाली, तिने प्रत्येक निदानासाठी लक्षणांची यादी घालून दिली. ती यादी रुक्ष आहे खरी. शिवाय नियमावली निर्दोष कधीच नव्हती: समलैंगिकता हा विकार नव्हे, हे मान्य करायला तिला 1973 साल उजाडावे लागले; आणि 2022 च्या सुधारित आवृत्तीत प्रौढांचा शोक विकार ठरण्यासाठी निदान बारा महिन्यांची अट आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सहा. शोकाच्या अशा मोजणीवर आमचा आक्षेप आजही आहे.

पण काकांचे निदान बदलले आणि औषधही बदलले. लिथियम सुरू झाले, ठरावीक मुदतीने रक्ततपासणी आली. पुढल्या चैत्रात आजी पेन्सिल घेऊन बसली होती. चैत्र गेला, वैशाख गेला. ज्येष्ठात काकांनी आम्हांला एक पत्र लिहिले, एकच, अर्ध्या पानाचे: दुकानाचे छप्पर शाकारायचे आहे, सुट्टीत येणार का?

चर्चासत्रातला तो निबंध पुस्तकात घेताना आम्ही ‘छिन्नमनस्क’ हा शब्द काढून टाकला. पंचांगे आमच्याकडे आहेत. 1983 चे तेवढे कोरे आहे. त्या वर्षी आजीच अंथरुणाला खिळली होती.