ओवा नसलेला ओवा

बीबी गावातल्या आमच्या घरी मोरीच्या कडेला तेलाचा एक जुना डबा आहे. वरचं झाकण कापलेलं, बुडाला खिळ्याने भोकं पाडलेली, एका बाजूने गंज चढलेला. हे त्याचं घर. आमच्याकडे त्याला 'ओव्याचं पान' म्हणतात, पुस्तकात पानओवा.

दिसायला अगदीच साधा. तुळशीला वृंदावन मिळतं, मोगऱ्याला आळं. याच्या वाट्याला डबा. पानं जाड, फुगीर, कडेने कातरलेली, अंगावर मऊ लव. पाहुण्याची नजर त्याच्यावर ठरत नाही. पण बादली उचलताना कुणाचा पदर घासला की सगळ्या अंगणात ओव्याचा घमघमाट. न छेडता बोलायचं नाही, हा त्याचा स्वभाव.

हा ओवा नाही, हे पुष्कळांना पटत नाही. ओवा कोथिंबीर-बडीशेपेचा भाऊबंद. हा तुळशीच्या घराण्यातला. वास मात्र जुळतो, कारण थायमॉल दोघांतही असतं, आणि याच्या पानात त्याच्या जोडीला कार्व्हाक्रॉल. इंग्रजीने आणखी घोळ घातला आणि याला 'इंडियन बोरेज' करून टाकलं. खरं बोरेज भूमध्य समुद्राकडचं, निळ्या चांदणीसारख्या फुलांचं, पानाला काकडीचा वास असलेलं. त्याचं आपल्याकडचं सोयरं शोधायचं तर भोकराच्या झाडाकडे जावं लागेल. होय, लोणचं घालतो तेच भोकर. १७९० साली लोरेरो या पोर्तुगीज पाद्र्याने पानओव्याच्या शास्त्रीय नावात इंडोनेशियातलं अंबोन बेट घातलं. कुणी याला क्यूबाचा ओरेगॅनो म्हणतं. रानटी वाढतो तो आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागात. एवढी गावं नावाला चिकटली, तरी हा आपला मोरीशेजारी.

याला मारायचा हमखास उपाय म्हणजे लाड. तो मी करून बसलो आहे. पहिल्यांदा काडी आणली तेव्हा शेतातली काळीभोर माती कुंडीत भरली आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी. लोणार तालुक्यातली ही माती कपाशी-तुरीला मानवते, पाणी धरून ठेवते. तेच याच्या मुळावर आलं. आठवड्याभरात खोड बुडापाशी काळं पडलं, मऊ झालं, हात लावताच कलंडलं. आजी बघून म्हणाली, "रोज पाणी कायले टाकतं त्याले? तो का म्हैस हाय?"

जाड पानात त्याने पाणी साठवलेलंच असतं. दुसऱ्या खेपेला डब्यात निम्मी माती, निम्मा मुरूम आणि मूठभर शेणखत घातलं. बोटभर खोलवर माती कोरडी लागली तरच पाणी. सकाळचं ऊन आणि दुपारी भिंतीची सावली. इथलं मे महिन्याचं ऊन तो सोसतो खरा, पण पानं बारीक आणि पिवळट होतात. पूर्ण सावलीत ठेवलं तर उलट लांबुडका, लुळा होतो. मधलं काहीतरी हवं असतं, एवढाच काय तो त्याचा हट्ट.

फुलं क्वचित, फिकट जांभळी. बियांच्या भरवशावर त्याचा संसार नाही. चार बोटं लांबीची काडी मोडायची, खालची पानं काढायची, जखम तासभर सुकू द्यायची आणि मातीत खोचायची. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. आमचा डबा शेजारच्या अंगणातून आला, तिथे तो कुणाच्या तरी माहेरून आला होता. शेंडे खुडत राहिलं तर तो दाट होतो. न खुडता ठेवला तर खालून उघडा, काष्ठासारखा.

त्याचं खरं रूप कढईत दिसतं. पान देठासकट खुडून धुवायचं आणि फडक्यावर पूर्ण कोरडं करायचं, नाहीतर तेल अंगावर उडतं. बेसन, हळद, तिखट, मीठ. ओवा टाकायचा नाही, तो पानात आहेच. लव असल्यामुळे पीठ पानाला धरून राहतं. देठाला धरून बुडवायचं आणि अलगद सोडायचं. पान आधी बुडतं, मग फुगून वर येतं. वरून कुरकुरीत, आत मऊ, आणि घास गिळल्यावर जिभेवर थोडी चुणचुण. एकदा जास्तीची हौस म्हणून पिठात ओवाही घातला, तर भजी औषधासारखी लागली.

औषध म्हणूनही तो घरोघर असतोच. खोकल्याला पान वाफवून, रस काढून, मधातून द्यायची पद्धत आहे. मोठ्यांनी घ्यावा, वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवू नये, मग आजी काहीही म्हणो.

बीबीवरून जाणं झालं तर पावसाळ्याच्या तोंडाशी या आणि काडी मागून घ्या. ओलं फडकं आणू नका, कोरडा कागद पुरतो.