भाच्याचे सायकलचे दुकान

वाचकहो, माझी नोकरी सल्ला देण्याची आहे. पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून शेतकऱ्याच्या ओट्यावर बसायचे, एकरी खर्च किती, उत्पन्न किती, हाती काय राहते, ते कागदावर मांडून दाखवायचे, यात माझी तीस वर्षे गेली. आज मात्र पिकाचे काही सांगणार नाही. सायकलीच्या एका दुकानाविषयी सांगणार आहे, आणि त्या दुकानाचा हिशेब मीच मांडला होता. तुमच्यापैकी कुणाच्या घरी मुलगा शेती सोडून शहरात दुकान टाकतो म्हणत असेल, तर हे त्याला वाचून दाखवा.

सायकल आम्हा लोकांना नवी नाही. राहुरीला कृषी विद्यापीठात शिकत होतो तेव्हा वसतिगृहापासून प्रक्षेत्रापर्यंत सायकलच होती. नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत वाड्यावस्त्याही मी काळ्या सायकलवरच हिंडलो. मागे कॅरिअरला बियाण्याच्या पिशव्या, पुढे दांडीला छत्री. त्या सायकलीचे काही मोडले तर गावातला कुठलाही पंक्चरवाला पाना आणि हातोडी घेऊन अर्ध्या तासात चालू करून द्यायचा. दुकान म्हणजे काय, तर एक खोके, एक पाण्याची परात, हवा मारायचा पंप आणि टांगलेले चार टायर.

माझ्या भाच्याचे दुकान त्यातले नाही. अक्काचा हा मुलगा. गाव निफाड तालुक्यात, घरची चार एकर द्राक्षबाग. मुलाने मेकॅनिकलची पदविका घेतली आणि पुण्याला सायकलींच्या एका मोठ्या दुकानात चार वर्षे काम केले. तिथे त्याला महागड्या सायकलींचा नाद लागला. या सायकलींचा सांगाडा एकाचा असतो आणि त्यावर बसवायचे भाग दुसऱ्याचे. गिअर बदलायच्या मुठी, चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे डिरेलर, मागची दातेरी चक्रांची कॅसेट, पुढचा क्रँक, चेन आणि ब्रेक, असा सगळा मेळ एकत्र विकतात. त्याला ग्रुपसेट म्हणतात. जपानची शिमानो कंपनी यात सर्वांत मोठी. साकाई गावात १९२१ साली फ्रीव्हील करण्यापासून तिची सुरुवात झाली. असा एक ग्रुपसेट चाळीस-पन्नास हजारांचा असतो, आणि त्याच्यावरचेही आहेत. मला पहिल्यांदा किंमत कळली तेव्हा मी विचारले होते, "अरे, यात बैलजोडी येते की काय?"

पण नाशिकला या सायकलींचे गिऱ्हाईक आहे, हे खरे. २०१५ साली नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांत पुरी केली, तेव्हापासून तर शहरात सायकलीचे वेडच पसरले. डॉक्टर, वकील, बांधकामवाले पहाटे घोटी-कसाऱ्याकडे सायकली हाणताना दिसू लागले. त्यात २०२० ची टाळेबंदी आली. व्यायामशाळा बंद, म्हणून जो तो सायकल घ्यायला निघाला. साऱ्या जगात हीच तऱ्हा झाली. कारखान्यांकडे मालाला महिनोन् महिने थांबावे लागायचे. भाचा पुण्याहून फोन करायचा, "मामा, सकाळी माल उतरला की दुपारपर्यंत संपतोय."

२०२१ च्या उन्हाळ्यात त्याने नाशिकला स्वतःचे दुकान काढायचे ठरवले. बँकेसाठी प्रकल्प अहवाल मी लिहून दिला. वर्षाची विक्री चाळीस लाख, त्यावर शेकडा वीस सुटतात म्हणजे आठ लाख. त्यातून गाळ्याचे भाडे, वीज, एका पोऱ्याचा पगार आणि कर्जाचे हप्ते वजा जाता पहिल्या वर्षी दोनेक लाख शिल्लक, पुढे विक्री वाढली की चार. अहवाल छान टंकलिखित करून आणला. साहेबांनी दोन प्रश्न विचारले आणि बारा लाख मंजूर केले. जमीन मेहुण्यांची गहाण पडली, जामीनदार म्हणून सही माझी. अक्का म्हणाली, "तू हिशेब मांडलास ना, मग मला बघायचं नाही."

आता कांदा लावणाऱ्याला हे सांगायला नको की एक वर्ष भाव चढला की दुसऱ्या वर्षी काय होते. टाळेबंदीतली मागणी बघून कारखान्यांनी, घाऊकवाल्यांनी आणि दुकानदारांनी ढिगांनी मागण्या नोंदवल्या. तो माल येऊन पडेपर्यंत लोकांची हौस ओसरली होती. २०२२-२३ मध्ये जगभरच्या गोदामांत सायकली आणि सुटे भाग तुंबले. मग ज्याला पैसा मोकळा करायचा होता तो मिळेल त्या भावाने विकू लागला, आणि मोबाइलवर माल विकणाऱ्यांनी पाट सोडावा तसा स्वस्त माल सोडला.

भाव तुटण्याला आणखी एक कारण आहे, ते मला भाच्याने समजावले. अख्खी सायकल बनवणारे कारखाने हे भाग हजारांनी घेतात, म्हणून त्यांना दुकानदारापेक्षा पुष्कळ कमी दराने मिळतात. त्यातला उरलेला माल मागच्या दाराने बाजारात येतो. खोके नसते, साध्या पिशवीत असतो, पण भाग तोच. त्यामुळे गिऱ्हाइकाला घरबसल्या जो भाव दिसतो तो कधी कधी दुकानदाराच्या खरेदीच्याही खाली असतो. असे असता गिऱ्हाईक तरी दुकानात का येईल?

हे मी शहाणपणाने सांगतो आहे, पण मीच काय केले ते ऐका. मधुमेह निघाल्यावर डॉक्टरांनी व्यायाम करायला सांगितला, म्हणून भाच्याकडूनच मी गिअरची एक सायकल घेतली होती. २०२३ च्या दिवाळीत तिची कॅसेट झिजली. मोबाइलवर पाहिली, ३,१०० रुपयांना होती. मागवली आणि रविवारी सकाळी खोके घेऊन दुकानात गेलो, बसवून दे म्हणून. भाच्याने खोके उलटे करून बिल वाचले. म्हणाला, "बरी मिळाली मामा. मला हिची खरेदीच ३,४०० ची आहे." एवढेच बोलला. कॅसेट बसवली, चेन मोजून पाहिली, गिअर लावून दिले, हात पुसले. मी पैसे विचारले तर म्हणाला, "तुमच्याकडून काय घ्यायचे?" आणि मी खुशाल सायकलवर टांग मारून घरी आलो. वाचकहो, तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. तीनशे रुपये वाचवले याचेच समाधान होते.

आठ-दहा दिवसांनी अक्काचा फोन आला. दोन हप्ते थकले होते, बँकेचे पत्र घरी आले होते, आणि मेहुण्यांनी दोन दिवस जेवणावरून उठून जायचे चालवले होते. मी रात्री दुकानात जाऊन बसलो. शटर अर्धे ओढले आणि वह्या काढायला लावल्या.

शेतमालाचा उत्पादन खर्च काढताना कृषी खर्च व मूल्य आयोग काय करतो ते मी तुम्हाला बैठकांत सांगत असतो. ए-२ म्हणजे खिशातून गेलेला पैसा. त्यात घरच्यांची मजुरी धरली की दुसरा आकडा. त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज चढवले की सी-२. शेतकऱ्याला मी नेहमी म्हणतो, बाबा, तुझी आणि घरधनिणीची मजुरी धर, नाहीतर नफा दिसतो तो नफा नसतो. आणि भाच्याच्या अहवालात मी स्वतः काय धरले होते? त्याची मजुरी शून्य. कपाटात पडून राहणाऱ्या मालाचे व्याज शून्य. सकाळी नऊ ते रात्री नऊ तो राबत होता, आणि दोन वर्षे त्याने पगार म्हणून एक पैसा उचलला नव्हता. जेवणाचा डबा घरून येत होता.

आम्ही एक ग्रुपसेट घेतला आणि त्याचाच हिशेब पिकासारखा मांडला. कर बाजूला ठेवू. खरेदी ४०,०००, छापील भाव ४८,०००. वरवर पाहता ८,००० सुटले. पण गिऱ्हाइकाने काउंटरवर मोबाइल पुढे केला, त्यावर ४२,५०० होता. घासाघीस होऊन ४४,५०० ला सौदा तुटला. राहिले ४,५००. हा माल आठ महिने कपाटात होता, आणि कर्जाचे व्याज बारा टक्के, म्हणजे ३,२०० गेले. राहिले १,३००. आमच्याकडून घेतला म्हणून बसवणी फुकट, तिला पाच तास लागले. त्या १,३०० तून भाडे, वीज आणि पोऱ्याचा पगार द्यायचा. भाच्याच्या वाट्याला त्या दिवशी काय आले असेल ते तुम्हीच काढा.

मग दुरुस्तीची वही पाहिली. गिअरच्या सायकलीचे ओव्हरहॉलिंग ९००, त्यात ग्रीस, ऑइल, केबल मिळून शंभराचा माल, दोन तासांचे काम. चाकाचा आउट काढणे, ब्रेकच्या गिट्ट्या, पंक्चर, ट्यूब. या वहीकडे आजवर कुणी पाहिलेच नव्हते. विक्रीच्या आकड्यात ती खिजगणतीत नव्हती, पण दुकान दोन वर्षे उभे होते ते तिच्यावर. मोठी विक्री काचेच्या कपाटातून होत होती आणि पोट मागच्या ग्रीसच्या डब्यातून भरत होते.

मी म्हणालो, "हे कपाट बंद कर. महागाचा माल साठवू नकोस. कुणाला हवा असेल तर आगाऊ पैसे घे आणि मागवून दे."

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, मग माझ्यात आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यात फरक काय राहिला? लोक माझ्याकडे येतात ते हे कपाट बघून."

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही पुरते नाही. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. महागडी सायकलवाला दुरुस्तीला येतो तो दुकानदाराला त्यातले कळते म्हणून, आणि कळते हे त्याला कपाटावरून कळते. कृषी सेवा केंद्रवाल्याचेही तसेच असते. युरियाच्या २६६ रुपये ५० पैशांच्या गोणीत त्याला फारसे काही सुटत नाही, पण युरिया नाही म्हटले तर गिऱ्हाईक पायरी चढत नाही. फरक एवढाच, की युरिया पडून राहिला तरी जुना होत नाही. ग्रुपसेट होतो. ज्या ११ गिअरच्या मालात भाच्याचा पैसा अडकला होता, त्याच मालाची १२ गिअरची नवी आवृत्ती शिमानोने २०२२ आणि २०२३ मध्ये आणली. जुने भाग नव्यात चालत नाहीत. गिऱ्हाईक जुन्याकडे ढुंकून पाहीना.

शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. कपाट ठेवले, पण त्यात नमुन्यापुरते एकेकच. बाकी माल निम्म्या आगाऊ रकमेवर. दुरुस्तीचे दर पाटीवर लिहून दर्शनी भागात टांगले. त्या पाटीची शेवटची ओळ भाच्याने माझ्यासमोर तीनदा पुसली आणि पुन्हा लिहिली: "बाहेरून आणलेला माल बसविण्याची मजुरी दीडपट." त्याला संकोच वाटत होता. मी म्हणालो, "लिही, द्राक्षाची छाटणी करणारा बागायतदाराला कात्री कुठून आणलीस विचारत नाही, पण मजुरी सोडतो का?" ही पाटी लागल्यावर काही जुनी गिऱ्हाइके रागावली, दोघे-तिघे पुन्हा आले नाहीत.

शिवाय शाळा-कॉलेजच्या पोरांच्या साध्या सायकली तो पूर्वी नाकारायचा, त्या घेऊ लागला. आता जूनमध्ये शाळा उघडल्या की आठवडाभर दुकानापुढे पाय ठेवायला जागा नसते.

भले मोठे दुकानदार यातून सुटले असे समजू नका. विलायतेत चेन रिअ‍ॅक्शन सायकल्स नावाची पेढी होती. उत्तर आयर्लंडमधल्या एका खेड्यात १९८५ साली लहानशा दुकानातून निघाली आणि टपालाने जगभर सुटे भाग स्वस्तात विकून मोठी झाली. तिच्या भावाशी टक्कर देता देता पुष्कळ लहान दुकाने जेरीस आली. पण २०२३ च्या ऑक्टोबरात तिचाही कारभार दिवाळखोरीच्या प्रशासकांकडे गेला. भाच्याने हे मला सांगितले तेव्हा त्याच्या बोलण्यात आनंद नव्हता. त्याच्या मते स्वस्त विकून जगता येत नाही हे त्यांनाही कळले, पण आपल्याला कळून काय उपयोग?

सरकारने २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के केला. चांगलेच झाले. मात्र दुकानात जुना माल होता त्यावर खरेदीच्या वेळी १२ टक्के भरलेले, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशीपासून ५ टक्क्यांचा भाव मागू लागले. जास्तीचा भरलेला कर पुढच्या विक्रीत वळता होतो, बुडत नाही, पण तोवर पैसा खात्यात अडकून बसतो. चार लाखांचा माल असणाऱ्याला ते सोसते. सुदैवाने तोवर आमचे कपाट रिकामे होत आले होते.

कर्ज अजून फिटलेले नाही. थकलेले हप्ते अक्काने बागेच्या पैशातून भरले, आणि ते पैसे भाचा तिला दर महिन्याला थोडे थोडे परत करतो. गेल्या दीड वर्षापासून तो स्वतःच्या नावाने १५,००० रुपये पगार वहीत लिहितो. कधी उचलतो, कधी नुसता लिहितो. ११ गिअरचे दोन संच अजून वरच्या फळीवर आहेत. खरेदीच्या भावातही कुणी विचारत नाही.

गेल्या महिन्यात माझ्या सायकलची चेन बदलायची झाली. या वेळी चेन त्याच्याकडूनच घेतली. ओव्हरहॉलिंगही करून घेतले. निघताना पाटीकडे पाहून पैसे मोजले आणि काउंटरवर ठेवले. जुन्या कॅसेटच्या बसवणीचे दीडपट दराने झाले असते तेवढेही वर ठेवले. त्याने नोटा मोजल्या, वरचे पैसे माझ्याकडे सरकवले, बाकीचे गल्ल्यात टाकले आणि पावती फाडून माझ्या हातात दिली.