कुटाविना डबा

मराठवाड्यातील स्वयंपाकघरात शेंगदाण्याचा कूट हा वेगळा जिन्नस म्हणून मोजलाच जात नाही. त्याची जागा मीठ, तिखट आणि हळद यांच्या रांगेत असते. त्यामुळे जालना जिल्ह्यातील एखाद्या घरातले शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेले मूल शाळेत जाऊ लागले, की त्याचा डबा भरणाऱ्या आईला किंवा आजीला सर्वप्रथम स्वतःच्या हाताची सवय तपासावी लागते. मेथीच्या भाजीत, भरल्या वांग्यात, काकडीच्या कोशिंबिरीत, अंबाडीत आणि ठेच्यात हा हात विचार न करता कुटाच्या डब्याकडे जातो, आणि भाजी कशाची असे कोणी विचारले तर उत्तर ‘मेथीची’ असेच येते, कारण कुटाची गणना करण्याची रीतच नसते. एकादशी किंवा श्रावणी सोमवार आला, की साबुदाण्याची खिचडी आणि भगरीसोबतची शेंगदाण्याची आमटी यांमुळे ओटा, पळी, कढई, पुसायचे फडके असे सारेच कुटाने माखते. आणि नेमक्या त्याच सकाळी मुलाचा डबाही भरायचा असतो.

अन्नाची अ‍ॅलर्जी म्हणजे अन्नातील एखाद्या प्रथिनाला शरीराच्या संरक्षक यंत्रणेने शत्रू समजणे. अशा मुलाच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे तयार झालेली असतात. ती ऊतींमधील मास्ट पेशींवर बसून राहतात आणि ते प्रथिन पुन्हा पोटात गेले की त्या पेशींतून हिस्टामिनसारखी द्रव्ये एकाएकी बाहेर पडतात. मग अंगावर गांधी उठतात, ओठ आणि पापण्या सुजतात, उलट्या होतात आणि प्रकरण वाढल्यास श्वास अडकून रक्तदाब कोसळतो. या शेवटच्या अवस्थेला अ‍ॅनाफायलॅक्सिस म्हणतात. दुधातील साखर न पचणे, म्हणजे लॅक्टोज न सोसणे, हा याहून अगदी निराळा प्रकार आहे. ज्याला लॅक्टोज सोसत नाही त्या मुलाला वाटीभर दही बहुधा चालते. मात्र दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला दुधात भिजवलेल्या दशमीचा एक घासही महागात पडू शकतो. घरातील वडीलधाऱ्यांचे ‘एवढ्याशा कुटानं काय होतंय?’ हे म्हणणे मायेपोटी असते. परंतु अ‍ॅलर्जीच्या बाबतीत ते खरे नाही, आणि डबा भरणाऱ्या व्यक्तीने या एका मुद्द्यावर घरात भीड धरू नये.

दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच हानिकारक असते. कर्नाटकातील शाळकरी मुलांच्या एका मोठ्या पाहणीत अन्नाची संभाव्य अ‍ॅलर्जी केवळ ०.१४ टक्के, म्हणजे दहा हजारांत सुमारे चौदा मुलांत आढळली, मात्र रक्तात एखाद्या अन्नाविरुद्धची प्रतिपिंडे असलेली मुले त्याच्या कितीतरी पट अधिक निघाली. याचा अर्थ असा, की तपासणीच्या कागदावर एखादे नाव आले म्हणून ते अन्न मुलाला बाधतेच असे नाही, आणि असा कागद पाहून दूध, अंडे, गहू, डाळ असे सारेच बंद करणारे घर मुलाच्या ताटातून वाढीचे साहित्य विनाकारण काढून घेते. काय वगळायचे हे डॉक्टरांनी मुलाचा पूर्वेतिहास आणि तपासणी एकत्र पाहून ठरवावे. घराने आपले कौशल्य त्यानंतर लावावे.

हे कौशल्य मुख्यतः भांड्यांचे आहे. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात कूट केल्यावर ते भांडे विसळले तरी पात्याच्या बुडाशी, जिथे दांडा भांड्यात शिरतो तिथे, तेलकट भुकटीची एक कडा शिल्लक राहते. झाकणाची रबरी चकती उचलून पाहिल्यास तिच्या खाचेतही तीच भुकटी सापडते, आणि मिरची-लसणाचे पुढचे वाटण ती सोबत घेऊनच बाहेर पडते. पाटा-वरवंटा आणि दगडी खलबत्ता यांच्या टाकीच्या खुणांत हे अधिकच घडते, कारण टाकी लावण्याचा हेतूच दगड खडबडीत ठेवणे हा असतो. भाजल्याने किंवा उकळल्याने शेंगदाणा निर्धोक होतो ही समजूतही सोडावी लागते. त्यातील प्रमुख प्रथिने उष्णतेला चिवट असतात आणि भाजल्यावर ती अ‍ॅलर्जीच्या दृष्टीने उलट अधिक तीव्र होतात. म्हणून एक स्वतंत्र भांडे, एक स्वतंत्र पळी आणि डब्याचे साहित्य घरात सर्वांत आधी शिजवण्याचा क्रम, एवढी शिस्त कोणत्याही महागड्या खाद्यपदार्थापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

घराबाहेरही हीच साखळी तपासावी लागते. लाकडी घाण्याच्या तेलाची आवड अलीकडे पुन्हा वाढली आहे आणि ती एरवी स्वागतार्हच आहे. मात्र चांगल्या शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, तर घाण्याच्या तेलात ते राहते, शिवाय त्याच घाण्यावर आधी शेंगदाणे काढून मग करडई घातली असल्यास करडईचे तेलही निर्धोक म्हणता येत नाही. करडई हे मराठवाड्याचे रब्बीतले जुने पीक असल्याने अशा घराला त्याचे तेल सोयीचे आहे, फक्त घाण्यावर चौकशी करून घ्यावे. गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या बाबतीत हीच गोष्ट पिठाच्या गिरणीत घडते: ज्वारीत गव्हाचे प्रथिन मुळीच नसते, परंतु गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी टाकली की पहिल्या पायलीत गव्हाचे पीठ हमखास उतरते. अशा घराने दळण ज्वारीच्याच मागे लावून घ्यावे किंवा घरगुती चक्की वापरावी. बाजारातील बांधानी हिंगात मैदा असू शकतो, आणि येसर व मेतकूट यांत गहू भाजून घालण्याची पद्धत आहे, हेही येथे ध्यानात ठेवणे भाग आहे.

वगळणे एवढ्यावर काम थांबवणारा डबा मात्र अपुरा राहतो. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गांतील मुलासाठी दुपारच्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण ठरलेले आहे. तीस ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे मूठभर शेंगदाणे गेले की जेवणातले अर्ध्याहून अधिक प्रथिन गेले. ते भरून काढण्यास एक उकडलेले अंडे, वाटीभर मोड आलेल्या मुगाची किंवा मटकीची उसळ, किंवा मुगाच्या डाळीचे धिरडे पुरेसे आहे. शेंगदाणा द्विदल कुळातला असला तरी तो न चालणाऱ्या बहुतेक मुलांना तूर, मूग, मटकी चालते. हरभऱ्याच्या बाबतीत मात्र थोडे सावध राहावे, कारण भारतीय उपखंडात तो स्वतःच एक महत्त्वाचा अ‍ॅलर्जीकारक असल्याचे मुंबईतील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले आहे.

चवीच्या बाजूने पाहता मराठवाडा या कामी श्रीमंत आहे. जवसाची आणि कारळाची चटणी येथे पूर्वापार आहे, आणि भाजीला दाटपणा आणण्यासाठी भाजलेल्या जवसाची पूड कुटाची जागा बऱ्याच अंशी घेते. विकतच्या कारळाच्या चटणीत वजन वाढवण्यासाठी शेंगदाणे मिसळलेले असू शकतात, म्हणून ती घरीच कुटावी. डब्यासाठी सर्वांत भरवशाचा पदार्थ धपाटे हा होय. ताज्या ज्वारीच्या पिठात थोडे गव्हाचे पीठ आणि हरभरा चालत असल्यास बेसन, लसूण-मिरचीचे वाटण, जिरे आणि भरपूर कोथिंबीर घालून, ओल्या फडक्यावर गोळा थापून, मध्ये बोटाने भोके पाडून तो फडक्यासह तव्यावर पालथा घालतात. भोकांतून सोडलेले तेल आतपर्यंत पोचते आणि धपाटे दुपारपर्यंत मऊ राहते. गहू चालत नसल्यास ज्वारीचे पीठ उकळत्या पाण्यात भिजवावे, म्हणजे त्यातील पिष्ट अर्धवट शिजून चिकटपणा येतो. दूध चालत नसल्यास डब्यातले दही वगळून नाचणीकडे वळावे. तिच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, जे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट भरते. सोबत भौगोलिक मानांकन मिळालेल्या जालन्याच्या मोसंबीच्या सोललेल्या फोडी द्याव्यात, कारण तिच्यातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे भाकरीतील आणि पालेभाजीतील लोह अंगी लागते. रस मात्र देऊ नये. तो काही तासांत कडवट होतो.

शाळेत पोचल्यावर डब्यावर घराची सत्ता उरत नाही. मराठी शाळेत डबा वाटून खाणे हा संस्कार आहे आणि तो मोडण्याची शिकवण मुलाला देणे कोणालाही जड जाते. म्हणून डब्यातला एक पदार्थ चार मुलांना पुरेल इतका द्यावा, म्हणजे हे मूल देणारे ठरते आणि त्याचे न घेणे कोणाला खुपत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांतील आहारात सोयाबीन पुलाव आणि चणा पुलाव असे प्रकार आहेत, तेव्हा स्वयंपाकी आणि मदतनीस महिलांना मुलाची अ‍ॅलर्जी प्रत्यक्ष भेटून सांगावी. चिठ्ठीपेक्षा ही भेट अधिक काळ लक्षात राहते. वाढदिवसाची चॉकलेटे आणि संक्रांतीचे तिळगूळ ही धोक्याची आणखी दोन ठिकाणे होत. भारतातील २०२० च्या लेबल-नियमांनुसार शेंगदाणे, दूध, अंडी, सोयाबीन, ग्लूटेनयुक्त धान्ये इत्यादींची सूचना वेष्टनावर देणे बंधनकारक आहे, परंतु त्या यादीत तीळ नाही. अमेरिकेने तिळाचा समावेश १ जानेवारी २०२३ पासून केला. तिळाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या पालकांनी म्हणूनच सूचनेवर विसंबू नये आणि घटकांची पूर्ण यादी वाचावी.

अंगावर पित्त उठले म्हणून आमसुलाचे पाणी लावून वाट पाहण्याची रीत अनेक घरांत आणि शाळांत आहे. केवळ गांधी असताना तिने फार बिघडत नाही. परंतु गांधींसोबत उलटी, आवाज बसणे, धाप किंवा गळून जाणे दिसले, तर वाट पाहण्यास वेळ नसतो. अशा वेळी मांडीच्या बाहेरच्या स्नायूत दिलेले अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार आहे आणि अ‍ॅलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. मुलाला आडवे निजवून, पाय उंचावर ठेवून, किंवा धाप असल्यास बसवून, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. अंबड, मंठा, परतूर, भोकरदन येथील खेड्यांत दवाखान्याचे अंतर मोठे असते. तेव्हा प्रत्येक मुख्याध्यापकाने प्रवेशाच्या अर्जात ‘पाल्यास कोणते अन्न बाधते?’ ही एक ओळ वाढवावी, आणि तिचे उत्तर, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा दूरध्वनी व पालकांचा क्रमांक असा एक कागद स्वयंपाकाच्या खोलीत आणि वर्गात लावावा.