बोले म्हणजे कोण?

मनवेलपाड्यातल्या आमच्या अभ्यासवर्गात महाडचा विषय चालू होता. फळ्यावर 'बोले ठराव' लिहिलं, तेव्हा नववीतल्या मुलीने विचारलं, "दादा, बोले म्हणजे कोण?" समाजशास्त्रात एम.ए. झालेल्या मला ठरावाची तारीख पाठ होती, माणूस माहीत नव्हता. लाज वाटली.

मग शोधू लागलो. सीताराम केशव बोले, भंडारी समाजातले, मुंबईच्या कामगारांत काम करणारे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हाच्या सत्कारसभेचे अध्यक्ष हेच. त्या सभेत बुद्धचरित्र देणारे केळुसकर गुरुजी आपल्याला आठवतात, अध्यक्ष नाही.

४ ऑगस्ट १९२३ ला विधिमंडळात त्यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले, पण कागदावर. म्हणून १९२६ मध्ये बोले पुन्हा उभे राहिले: जी नगरपालिका ठराव पाळणार नाही, तिचं अनुदान रोखा. मला हे पहिल्या ठरावाहून मोठं वाटतं. ठराव मांडून टाळ्या घेणारे आजही पुष्कळ आहेत. तरी चवदार तळ्याचं पाणी प्यायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनाच जावं लागलं, हेही खरं.

आमच्याकडच्या एका भंडारी काकांना विचारलं. दादरच्या एस. के. बोले रोडवरून ते वर्षानुवर्षं कामाला गेले. बोले आपल्याच समाजातले, हे त्यांना माझ्याकडून कळलं. अस्पृश्यांसाठी भांडले म्हणून त्यांचे लोक विसरले असतील, आणि आपल्या जातीचे नव्हते म्हणून आपण?

येत्या रविवारी काका वर्गाला येणार आहेत. त्या मुलीने प्रश्न काढून ठेवलेत.