मंद्रूपचा लेथ

सोलापूरहून विजापूरकडे जाणारा रस्ता प्रवासवर्णनात मिरवावा असा नव्हे. सैफुल मागे पडले, सोरेगावचा राखीव पोलीस दलाचा तळ ओलांडला, की दोन्ही अंगांना काळी रानेच राने लागतात. मग हत्तूर येते, वडकबाळला सीना ओलांडावी लागते, आणि त्यानंतर मंद्रूप. पुढे टाकळीला भीमा आडवी येते. भीमेच्या पल्याड कर्नाटक. भाविक मंडळी या वाटेने कुडलच्या संगमाला जातात, हौशी मंडळी विजापूरचा गोलघुमट पाहायला जातात. मी गेलो तो पाऊण इंच व्यासाचे एक भोक पाडून घ्यायला!

वाचकांनी हसू नये. भोक पाडणे सोपे. गोल, सरळ आणि गुळगुळीत भोक पाडणे ही निराळी विद्या आहे. आमच्या सौभाग्यवतींचे मामा तरुणपणी सोलापूरच्या एका गिरणीत इंजिनखात्यात होते. ज्या काळी गिरणीच्या भोंग्यावर गावातली घड्याळे लावीत, त्या काळची ही गोष्ट. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. मामांनी मात्र आठवणीतून आराखडा काढून, आपल्या मागच्या खोलीत, वीतभर लांबीचे वाफेचे इंजिन करायला घेतले. चौकट झाली, चाक झाले, दांडा झाला. राहिला तो सिलिंडर आणि त्यात खेळणारा दट्ट्या. हे काम कानशीने होत नाही, त्याला लेथच हवा. मामांना आता शहाऐंशीवे वर्ष आहे आणि डोळ्यांत काचबिंदू. एक डोळा गेलाच. दुसऱ्याने नळीतून पाहावे तेवढेच दिसते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. तेव्हा मामांच्या इंजिनाला मुदत होती, आणि ती कॅलेंडरात पाहता येत नव्हती.

सोलापुरात मी तीन-चार कारखान्यांच्या पायऱ्या चढलो. सर्वांनी चहा दिला, काम कोणीच घेतले नाही. त्यांचेही चूक नव्हे. संगणकावर चालणाऱ्या यंत्राला एक नग कापायचा म्हटला तरी आज्ञावली लिहावी लागते, हत्यारे बसवावी लागतात, मापे जुळवावी लागतात. तयारीला दोन तास, कापायला दहा मिनिटे. हजार नगांवर ती तयारी वाटली गेली तर अंगाला लागत नाही; एका नगावर पडली की तो नग सोन्याच्या भावाने पडतो. “पाचशे नग घेता का?” असे एका मालकांनी मला मनापासून विचारले. इंग्लंडात असले छंदिष्ट पुष्कळ. तेथे त्यांच्यासाठी ‘मॉडेल इंजिनियर’ नावाचे नियतकालिक १८९८ साली निघाले, आणि कित्येकांच्या परसातच छोटा लेथ असतो. आपल्याकडे परसात तुळस असते.

शेवटी वाट दाखविली ती एका यंत्रमागावरच्या जॉबरने. “एक नग पायजे ना? मग मोठ्या कारखान्यात कशाला जालाव? खेड्यात पंपवाल्याकडं जावा. त्याचं रोजचं काम एकाच नगाचं असतंय.” या माणसाच्या बोलण्यात अर्थशास्त्राचे एक प्रकरण होते. शेतकऱ्याचा पंप मोडतो तो एकच, आणि प्रत्येकाचा निराळ्या ठिकाणी मोडतो.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला मोठा पूर आला, त्यानंतर महिना-सव्वा महिन्याने मी मंद्रूपला पोहोचलो. मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडपुढे गाळाने माखलेले पंप ओळीने मांडून ठेवले होते. आत बटाल्याचा जुना सहा फुटी लेथ घरघरत होता. “बर्री, बर्री!” म्हणत मिस्त्रींनी स्वागत केले. या भागात कानडीत या म्हणायचे आणि मराठीत बसा म्हणायचे, यात कोणालाच वावगे वाटत नाही.

मी कागद पुढे केला. त्यांनी तो पाहिला, उलटा करून पाहिला, आणि म्हणाले, “सहा सूत. होतंय की.” आठ सुतांचा इंच, तेव्हा सहा सूत म्हणजे पाऊण इंच, हिशेब चोख होता. “पण हे पंप आधी. उसाला पाणी न्हाई बगा.”

रांगेत बसलेल्या एका शेतकऱ्याने विचारले, “हे कशाचं हाय?” मी सांगितले. “खेळणं व्हय?” तो म्हणाला. त्याच्या स्वरात कुत्सितपणा नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. पुराने ज्याची विहीर गाळाने भरली, त्याच्यापुढे वीतभर इंजिनाचे महत्त्व कसे सांगावे? मी मामांचे, गिरणीचे आणि डोळ्यांचे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. “आमचा बा पण गिरणीत होता,” एवढेच म्हणाला. आपला नंबर मात्र त्याने सोडला नाही, आणि मला ते बरे वाटले.

“तीनला या,” मिस्त्री म्हणाले. मधल्या वेळात मी हत्तरसंग कुडल गाठले. सीना आणि भीमा तेथे मिळतात. संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा, मराठी शिलालेख आहे. मराठीतील सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. शेजारीच ३५९ मुखे कोरलेले शिवलिंग. ती मुखे कोरणाऱ्यालाही कोणी पाचशे नगांची मागणी केली नसावी.

परतलो तो मिस्त्रींनी भंगारातून जुन्या पंपाचा गनमेटलचा बुश शोधून ठेवला होता. चार जबड्यांच्या चकात तो अर्धा तास हलवून-हलवून मध्यावर आणला. शेवटच्या फेरीला हत्यार तसूभरही पुढे न सारता त्याच मापावर आणखी दोनदा फिरविले. लांब हत्यार आत शिरले की लवते, म्हणून ही युक्ती. दट्ट्या आणि भिंत यांच्यात फट ठेवायची ती इंचाच्या दीड-दोन हजारांश. माणसाचा केससुद्धा याहून जाड! ती त्यांनी कॅलिपर आणि बोटे यांच्या भरवशावर ठेवली. घासायला ते एमरीची पेस्ट काढू लागले तेव्हा मी मामांचा निरोप सांगितला : मऊ धातूत एमरीचे कण रुतून बसतात आणि जन्मभर खात राहतात. “बरोबर हाय त्यांचं,” म्हणून त्यांनी पितळेची भांडी उजळायचे पॉलिश आणविले. मग खालचे तोंड अंगठ्याने दाबून दट्ट्या वरून सोडला. तो धपकन पडला नाही. कोंडलेल्या हवेवर तरंगत, सावकाश उतरला. पंप केव्हाच दुरुस्त झालेला तो शेतकरी विजेरी धरून अजून उभाच होता. “पुन्हा सोडा की एकदा,” तो म्हणाला.

कामाचे चारशे रुपये, आणि बुशचे वजनावर.

मामांनी दट्ट्या बोटांनीच तपासला. आठवड्याने स्पिरिटच्या दिव्यावर वाफ धरली आणि चाक फिरले. मामा चष्मा लावून अगदी जवळ झुकले, आणि मग डोळे मिटून आवाजच ऐकत बसले. त्या इंजिनाची चलत्-चित्रे मी फोनवरून मिस्त्रींना धाडली. रात्री उत्तर आले : “डाव्या नळीच्या जोडावर वाफ गळालीय. घेऊन या.”